तोंड उघडण्याआधी बोला : दातांच्या उपचाराची भीती टप्प्याटप्प्यानं कशी उतरवायची

दाढ ठणकतेय म्हणून आलेल्या माणसाला मी आधी दाढेबद्दल विचारतच नाही. विचारते, ‘‘सकाळी काय खाल्लंत?’’ उत्तर बरेचदा ठरलेलं असतं. ‘‘काही नाही ओ डॉक्टर. भूल देणार म्हणून उपाशीच आलोय.’’ मोहोळहून एसटीनं आलेला, मे महिन्याचं ऊन, रात्रभर झोप नाही, पोटात अन्न नाही, त्यात घाबरलेला. अशा माणसाला खुर्चीत चक्कर आली की गावभर सांगतो, ‘‘सुई सोसली नाही.’’ सुईचा त्यात फारसा दोष नसतो.

घाबरण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. बिघडतं ते क्रमात. लोक आधी दुखणं अंगावर काढतात, मग उपाशी येतात, मग भीती लपवतात, आणि तोंडात हत्यारं गेल्यावर काहीतरी सांगायला बघतात. तेव्हा सांगता येत नाही. म्हणून हा क्रम लिहून देतेय, रुग्णासाठी आणि त्याच्यासोबत येणाऱ्यासाठीही.

१. घरीच ठरवा : भीती नेमकी कशाची?

‘दातांच्या डॉक्टरची भीती’ असं म्हटलं की आम्हाला काही करता येत नाही. सुईची भीती वेगळी, आवाजाची वेगळी, घशात पाणी जाऊन गुदमरण्याची वेगळी. त्यांचे उपायही वेगळे.

दंतवैद्य पाच प्रश्नांची एक मोजपट्टी वापरतात. ती घरीच कागदावर करता येते. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, तर किती घाबरता? बाहेर बाकावर नंबराची वाट बघताना? दात कोरायचं मशीन सुरू होणार असताना? दातांची सफाई होणार असताना? वरच्या मागच्या दाढेच्या हिरडीत इंजेक्शन मिळणार असताना? प्रत्येकाला १ ते ५ गुण द्या. अजिबात नाही म्हणजे १, प्रचंड म्हणजे ५. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती मोठी आहे, आणि ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं. त्याहून कमी आली तरी कोणत्या प्रश्नाला जास्त गुण पडले ते बघा. तुमची गाठ तिथं आहे.

या पट्टीत न बसणारी एक भीती सोलापुरात मी रोज बघते. ओरडा बसण्याची. विड्या वळणाऱ्या बायका मिश्री लावतात आणि ती डॉक्टरला दिसणार म्हणून वर्षानुवर्षं तोंड उघडायलाच येत नाहीत. त्यांना सांगते, ‘‘मिश्री लावते, पण आज फक्त दाढेचं बघा’’ असं सरळ म्हणा. पहिल्याच दिवशी रुग्णाला फैलावर घेणं ही आमची चूक आहे. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या वेळी दाढ हलायला लागल्यावरच येतो.

पैशाची भीतीही मोजा. एकूण खर्च किती, किती वेळा यावं लागेल, दातावर बसवायची कॅप धरून की सोडून, हे आधी विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

२. दिवस आणि वेळ : ठणका लागायच्या आधी

‘गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) झाल्यावर बघू’, ‘पोरांची परीक्षा होऊ दे’, ‘लग्नसराई संपली की येतो’. असं करत माणूस येतो तो गाल सुजल्यावर. इथं एक गोष्ट पक्की समजून घ्या : सुजलेल्या, पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही. तिथला भाग आम्लधर्मी झालेला असतो, औषध नसेत शिरायला अडखळतं. म्हणजे तुम्ही भीतीपोटी जितकं लांबवाल तितकं जे व्हायला नको तेच व्हायची शक्यता वाढते. अशा वेळी डॉक्टर आधी पू काढून देतात, औषध लिहून देतात आणि दाढेचं काम पुढं ढकलतात. टाळाटाळ म्हणून दुसरीकडे धावू नका.

वेळ सकाळची मागा. दिवसभर ‘संध्याकाळी जायचंय, संध्याकाळी जायचंय’ करत भीती शिजते. मार्च ते जून तर दुपारची वेळ घेऊच नका. सोलापूरचं ऊन अंगात घेऊन आलेला माणूस खुर्चीत लवकर गळतो.

शक्य असेल तर पहिली भेट फक्त बघण्यापुरती ठेवा. एक्स-रे, बोलणं, खर्चाचा अंदाज. मशीन नाही, सुई नाही. फोनवर तसं सांगून या.

*तपासा :* गाल सुजलाय, ताप आहे, तोंड पूर्ण उघडत नाही किंवा गिळायला त्रास होतोय? मग वरचं काही लागू नाही. त्याच दिवशी जा. सूज जबड्याखाली उतरत असेल किंवा श्वास अडखळत असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात.

३. सोबतीला कोण

सोबती गप्प बसणारा हवा. बस्स. ‘‘माझी दाढ काढली तेव्हा पाव किलो रक्त गेलं’’ सांगणारी आत्या घरीच ठेवा. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ म्हणणारे काकाही घरीच. दाढेची नस आणि डोळ्याची नजर यांचा संबंध नाही. वयामुळं चष्मा लागतो त्याच सुमारास दाढाही जायला लागतात, एवढंच.

आजीला तेलुगू किंवा कन्नडच नीट कळत असेल तर ती भाषा येणारा माणूस आत, खुर्चीजवळ बसवा, बाहेर नको. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आजीला मी ‘‘नोप्पी?’’ विचारलं आणि अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या आजोबांना ‘‘नोवु?’’, म्हणजे ‘दुखतंय?’, विचारलं की निम्मं काम होतं. पण माझा शब्दसाठा तिथंच संपतो. बाकीचं तुमच्या माणसानं सांगायचं.

४. त्या दिवशी सकाळी

भरपेट नाही, पण नीट खा. भाकरी-आमटी, पोहे, दूध-पोळी, जे रोजचं असेल ते. नुसत्या हिरडीला भूल द्यायची असेल तर उपाशी राहायचं काही कारण नाही. उपाशी राहायचं ते पूर्ण बेशुद्ध करायचं असेल तेव्हा, किंवा डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं तर. ऐकीव माहितीवरून लोक दोन्हींची सरमिसळ करतात.

एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रोजा असेल तर तो दिवसच टाळून अपॉइंटमेंट घ्या. उपवास मोडायला सांगणारी मी कोण? तारीख मात्र बदलता येते.

रोजच्या गोळ्या रोजच्या वेळी घ्यायच्या. बीपीची गोळी चुकवून आलात आणि मशीनवर १८०/११० च्या वर आकडा गेला, तर तातडीचं नसलेलं काम आम्ही करत नाही. मग सगळी मनाची तयारी फुकट. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेतलंत तर त्याच्यामागं जेवण झालंच पाहिजे. दम्याचा पंप खिशात ठेवा.

*थांबा :* रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती कोणती आणि कशासाठी चालू आहे ते आम्हाला सांगा. गरज पडली तर तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी आम्ही बोलू.

*थांबा :* धीर यावा म्हणून दारू, तंबाखूची चिमूट, शेजारणीची झोपेची गोळी, यातलं काहीही नको. दाढेवर लवंगाचं तेल ओतून किंवा हिरडीशी वेदनाशामक गोळी दाबून धरूनही येऊ नका. हिरडी भाजून पांढरी पडते, मग एकाच्या जागी दोन दुखणी.

५. तोंड उघडण्याआधी : चार वाक्यं आणि एक खूण

हा टप्पा कधीच गाळू नका. बाकीचे दहा केले आणि हा गाळला तर उपयोग नाही.

खुर्चीत बसल्यावर, पाठ अजून सरळ असताना, डॉक्टरांकडे बघून ही वाक्यं म्हणा :

‘‘मला भीती वाटते. जास्त करून अमुकची.’’

‘‘मागच्या वेळी असं-असं झालं होतं.’’ चक्कर, उलटी, भूल न चढणं, जे असेल ते.

‘‘मला या गोळ्या चालू आहेत, हा आजार आहे.’’ बाईमाणसानं गरोदरपण, दिवस वर-खाली असतील तर तेही.

‘‘काय करणार ते आधी सांगा’’ किंवा ‘‘काही सांगू नका, फक्त उरकल्यावर सांगा.’’ दोन्ही प्रकारची माणसं असतात. काहींना प्रत्येक पायरी कळली की धीर येतो, काहींना ‘आता सुई’ ऐकूनच घाम फुटतो. तुम्ही कोणत्या जातीचे ते आम्हाला बघून कळत नाही.

आता खूण. डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं. डावा यासाठी की उजव्या बाजूला बहुतेक डॉक्टर आणि त्यांची हत्यारं असतात, तो हात उचललात तर धक्का लागेल. खूण ठरवून भागत नाही, ती एकदा करून बघायची. साधा आरसा तोंडात असताना हात वर करा आणि डॉक्टर खरंच थांबतात का बघा. एकदा थांबलेले दिसले की मग पुढं बहुतेकांना हात वर करावाच लागत नाही. दार उघडं आहे एवढं कळलं की माणूस खोलीत बसतो.

माझी स्वतःची चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात यंत्रमागावर काम करणारा एक धट्टाकट्टा माणूस आला होता. म्हटलं, दिवसभर मागांच्या खडखडाटात उभा राहणारा हा, याला कसली भीती? खूण न ठरवता मशीन लावलं. मिनिटभरात त्यानं झटक्यानं डोकं वळवलं आणि जिभेला कड लागली. थोडक्यात निभावलं. नंतर म्हणाला, ‘‘मागाचा आवाज माझ्या हातात असतो, बंद करता येतो. हा आवाज माझ्या डोक्यात होता.’’ त्या दिवसापासून खूण ठरवल्याशिवाय मी मशीनला हात लावलेला नाही.

*तपासा :* खूण ठरली? करून बघितली? सोबतीलाही दाखवली? मगच पाठ मागं टेकवा.

६. भूल : घाई इथं करायची नाही

सुई टोचण्यापेक्षा औषध जोरात ढकलल्यानं जास्त दुखतं. म्हणून मागून घ्या : आधी हिरडी कोरडी करून तिच्यावर बधिर करणारी जेली किंवा स्प्रे, मग एक-दोन मिनिटं थांबणं, मग हळू इंजेक्शन. सावकाश म्हणजे मिनिटाला साधारण १ मिली, याहून घाई नको. जेली लावली आणि लगेच टोचलं तर ती लावली-न लावली सारखीच.

सुई बघू नका. डोळे मिटा, पायाची बोटं हलवत राहा. दीर्घ श्वासाचं पुढं सांगते, पण ज्यांना सुई किंवा रक्त बघून चक्करच येते त्यांनी अंग सैल सोडायचं *नाही*. त्यांचं उलट करायचं : मांड्या, पोट, हाताच्या मुठी १०-१५ सेकंद घट्ट आवळा, मग २०-३० सेकंद नेहमीसारखं व्हा, पुन्हा आवळा. असं पाच वेळा, इंजेक्शनच्या आधीपासून. यानं रक्तदाब एकदम खाली येत नाही. ‘रिलॅक्स व्हा’ हा सल्ला अशा माणसाला आडवा करतो.

बऱ्याच भुलीच्या औषधात अॅड्रेनालिन मिसळलेलं असतं. त्यामुळं इंजेक्शननंतर मिनिट-दोन मिनिटं छाती धडधडू शकते, हात थरथरतात. माणसाला वाटतं, झटका आला. बहुतेक वेळा ती धडधड आपोआप शमते. तरी सांगा मात्र. आणि हृदयाचा आजार असेल तर हे पाचव्या टप्प्यातच सांगून झालेलं हवं.

यानंतर थांबायचं. वरच्या दाताला दोन-तीन मिनिटं पुरतात. खालच्या दाढेला पाच, कधी दहाही लागतात. तुम्हाला वाटेल डॉक्टर विसरले. विसरले नाहीत.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट. भूल वेदना थांबवते, दाब थांबवत नाही. दाढ काढताना ढकललं जातंय, हललं जातंय, कडकड आवाज येतोय हे सगळं कळणारच. तो कळला की माणूस समजतो भूल उतरली, आणि ओरडतो. म्हणून काम सुरू करण्याआधी डॉक्टरांना टोकदार हत्यारानं हिरडी टोचून दाखवायला सांगा, आधी चांगल्या बाजूला, मग बधिर बाजूला. फरक डोक्यात बसवा : *टोचलं* की *दाबलं*? दाबलं तर चालू द्या. टोचलं, वीज चमकल्यासारखं झालं, तर डावा हात.

*तपासा :* खालची दाढ असेल तर त्या बाजूचा अर्धा ओठ जाड, मुंग्या आल्यासारखा झालाय का? मधोमध रेघ मारल्यासारखा फरक जाणवायला हवा. नाही जाणवला तर ‘चला, सुरू करा’ म्हणू नका. भिडेखातर होकार देणारे आपल्याकडं फार. रात्रभर ठणकलेल्या खालच्या दाढेला एका इंजेक्शननं कधीकधी भागत नाही. दुसरं मागणं म्हणजे नखरे नव्हेत.

७. काम चालू असताना

श्वास नाकानं. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. तोंडानं श्वास घ्यायला गेलात की मशीनचं पाणी घशाशी येतं आणि गुदमरल्यासारखं होतं. नाकानं घेतलात तर जिभेचा मागचा भाग वर येऊन घशाला झाकण बसतं. सर्दीनं नाक बंद असेल तर तारीख पुढं ढकला, हे खरंच योग्य कारण आहे. श्वास फार भराभर घेतला तर बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. घाबरू नका, बाहेर सोडायचा श्वास लांबवा.

मशीनचा शिट्टीसारखा आवाज हवेवर फिरणाऱ्या चक्राचा असतो. ते मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतं. आवाज चढला म्हणजे दात जास्त कोरला जातोय असं नाही, उलट दाताला टेकलं की तो थोडा उतरतो. एका कानात इअरफोन चालेल. दोन्ही कानांत नको, आमचं ऐकू आलं पाहिजे.

एक्स-रेची पट्टी किंवा माप घेताना उमासे येतात? आधी चिमूटभर मीठ जिभेच्या टोकावर लावा, आणि पट्टी तोंडात असताना एक पाय खुर्चीपासून वीतभर उचलून धरा. वेड्यासारखं दिसतं. पण लक्ष पायाकडं जातं आणि उमासा विसरतो.

लांबलचक काम असेल तर दर पाच-सात मिनिटांनी थांबायचं आधीच ठरवून घ्या.

८. चक्कर आलीच तर

आधी घाम, जांभई, तोंड पांढरंफटक. हे जाणवताक्षणी डावा हात.

खुर्ची आडवी, पाय डोक्यापेक्षा वर. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत असेल तर बाईला डाव्या कुशीवर वळवायचं. सोबत्यानं करायचं एकच काम : लांब राहणं. उठवून बसवू नका, तोंडात पाणी ओतू नका, कांदा फोडून नाकाशी धरू नका. बहुतेक लोक मिनिटभरात डोळे उघडतात. शुद्ध आल्यावर लगेच उभं राहायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. शुद्ध लवकर आली नाही, किंवा छातीत दुखतंय म्हणाले, तर ते साधं चक्कर येणं नव्हे. मग रुग्णवाहिका.

९. लहान मूल असेल तर

दोन वाक्यांवर घरात बंदी घाला. ‘‘दंगा केलास तर डॉक्टर सुई मारतील’’ आणि ‘‘काही दुखणार नाही’’. पहिल्यानं आम्ही बागुलबुवा होतो, दुसऱ्यानं तुम्ही खोटे ठरता. ‘‘डॉक्टर दात मोजणार आहेत’’ एवढंच सांगा, आणि पहिल्या भेटीत आम्ही खरंच फक्त मोजू. आधी सांगायचं, मग बोटाच्या नखावर करून दाखवायचं, मग दातावर, हा क्रम मुलांना लागू पडतो. मोठ्यांनाही पडतो, पण मोठ्यांना विचारायची लाज वाटते.

भूल दिलेलं मूल घरी जाऊन गंमत म्हणून ओठ चावत बसतं आणि संध्याकाळपर्यंत ओठ भाकरीसारखा फुगतो. दोन-तीन तास, खालच्या जबड्याला त्याहूनही जास्त वेळ, लक्ष ठेवा. खायला द्यायचं ते मुंग्या गेल्यावर.

१०. एवढ्यानं भागलं नाही तर

काही ठिकाणी नाकावाटे हसवणारा वायू देतात. माणूस जागा राहतो, बोलतो, पण भीती सैल होते. भीती घालवणारी गोळीही डॉक्टर लिहून देऊ शकतात. गोळी घेतली असेल तर सोबत माणूस हवाच, आणि त्या दिवशी दुचाकी चालवायची नाही. पूर्ण भूल रुग्णालयात, भूलतज्ज्ञ असतानाच. याबद्दल पहिल्या भेटीतच विचारा, सुई हातात घेतल्यावर नाही.

११. काम झाल्यावर

दाढ काढली असेल तर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. थुंकू नका, लाळ गिळा. त्या दिवशी चूळ नाही, स्ट्रॉनं पिणं नाही, मिश्री-मावा-विडी नाही. रक्ताची गाठ निघाली तर तिसऱ्या दिवशी असा ठणका लागतो की सगळी भीती नव्यानं उगवते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठवडाभर लांब ठेवा. चटणीचा कूट त्या खड्ड्यात बसतो आणि निघत नाही. दही-भात, मऊ खिचडी, थंड दूध चालेल.

भूल उतरायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी घ्या. ठणका सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीला त्याच्यामागं पळावं लागतं.

निघण्याआधी पुढची तारीख घ्या आणि तिच्याखाली आज काय सोसलं, काय नाही हे दोन ओळींत लिहून घ्या : ‘उजवी खालची दाढ, दोन इंजेक्शनं लागली, हात एकदा वर केला, चक्कर नाही.’ पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी तो कागद आधी त्यांच्या हातात द्या.